चौथं नाव

१

विनया तोरसकर दुपारी पावणेदोनला घरी यायची. विरार पूर्वेच्या एका शाळेच्या कार्यालयात ती कारकून होती. चंदनसारला तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. दारात चप्पल काढायची, पंखा लावायचा, आमटी गरम करायची आणि ताट घेऊन हॉलमध्ये बसायचं, हा तिचा वीस वर्षांचा नेम. नवरा श्रीरंग अंधेरीला नोकरीला, तो रात्री आठला यायचा. मुलगी सुरुची कॉलेजातून कधी तीनला, कधी पाचला. मधला वेळ विनयाचा एकटीचा. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवायचा आणि जेवताजेवता आलेलं सगळं बघून घ्यायचं.

एका मंगळवारी शाळेतल्या स्वप्ना मॅडमनी ग्रुपवर एक लिंक टाकली होती. 'सहकुटुंब सहल. कळंबच्या किनाऱ्यावर एक दिवस मोफत, दोन वेळच्या जेवणासह.'

विनया काही भोळी बाई नव्हती. प्रवेशाचे अर्ज तपासण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. जन्मतारखेत खाडाखोड असली की ती अर्ज खिडकीतूनच परत करायची, मग समोर कोणी का असेना. तिने हा अर्जही तसाच वाचला. पैसे मागितले नव्हते. बँकेचा नंबर नाही, कार्ड नाही, आधार नाही. फक्त घरातल्या माणसांची नावं, वय, नातं आणि पत्ता. एवढ्यावर कोण काय फसवणार?

तिने तीन नावं भरली. अर्ज पुढे जाईना. 'ही योजना किमान चार सदस्यांच्या कुटुंबासाठी आहे', असं लाल अक्षरांत आलं, आणि खाली हिरवं बटण: 'सदस्य जोडा'.

सासूबाईंचं नाव टाकावं असं तिच्या मनात आलं. पण त्या गावाला, कणकवलीला. उद्या श्रीरंगला कळलं तर तो चिडणार. मग तिने फारसा विचार न करता लिहिलं: हंसा. वय त्रेसष्ट. नातं मावशी. असल्या नावाचं माहेरी कोणी नव्हतं आणि सासरीही नव्हतं. बोटांना सुचलं ते लिहिलं, झालं.

अगदी शेवटी एक ओळ होती, तिच्यापुढची खूण आधीच केलेली होती. 'वरील व्यक्ती माझ्या घरी राहते व राहील, हे मला मान्य आहे.'

'व राहील' पाशी विनया अडली. राहते, इतकं पुरे होतं. हा मसुदा कोणी केला असेल? कोणीतरी अडाणी, असं म्हणून तिने मान्य दाबलं आणि ताट उचललं. ताट घासून होण्याआधीच मोबाइल वाजला. अभिनंदन. आपली निवड झाली आहे.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर माणूस नव्हता, नुसता राखाडी चौकोन. पण आवाज अतिशय सभ्य होता. मराठी इतकं स्वच्छ की विनयाला तेच खटकलं. असले फोन येतात ते हिंदीतून, मागे पन्नास जणांचा गलबला असतो. इथे त्या माणसाच्या मागे काहीच ऐकू येत नव्हतं. पंख्याचा आवाजसुद्धा नाही.

"मॅडम, पडताळणीसाठी जरा घर दाखवता का? दोनच मिनिटं लागतील."

तिने हॉल दाखवला, स्वयंपाकघर दाखवलं, त्यांची झोपायची खोली आणि मग आतली, सुरुचीची.

"आणि चौथ्या सदस्या?"

"त्या... देवळात गेल्यात." खोटं बोलताना तिचा आवाज थोडा वर गेला.

"हरकत नाही. आतल्या खोलीत पुन्हा एकदा या. खिडकीकडे. हां. आता कॅमेरा जरा खाली घ्या."

विनयाने मोबाइल खाली केला. पलंग आणि खिडकीच्या मधे हातभर जागा होती. तिथे गुंडाळलेली चटई आणि सुरुचीची जुनी वह्यापुस्तकं. दुसरं काही नाही.

 मग तो म्हणाला, "दिसल्या. धन्यवाद."

फोन बंद झाला. विनया तशीच मोबाइल हातात धरून उभी राहिली. खिडकीबाहेर कबुतरं घुमत होती. तिने स्वतःला समजावलं, की त्याला दिवसाकाठी शंभर घरं तपासायची असतील. कोण डोळ्यांत तेल घालून बघतोय? दिसल्या म्हणायचं आणि पुढचा नंबर लावायचा. आपणही मार्चअखेर असेच शिक्के मारतो.

तरी ती त्या दुपारी हॉलमध्ये न बसता खाली बाकावर जाऊन बसली. ऊन होतं, म्हणून घरी थांबायचं, हे तिला त्या दिवशी सुचलंच नाही.

३

श्रीरंगला ऐकताक्षणीच संशय आला. "फुकट कोण देतं? नेऊन बसवतील आणि दोन तास भाषण ठोकतील. क्लबचे मेंबर व्हा म्हणतील."

"ऐकायचं आणि यायचं," सुरुची म्हणाली. "बाबा, आपण शेवटचे कुठे गेलो होतो सांगा बघू?"

 रविवारी सकाळी तिघं रिक्षाने कळंबला निघाले. चौथ्या नावाबद्दल विनयाने अजून चकार शब्द काढला नव्हता. तिथे गेल्यावर म्हणू मावशी आजारी आहे, असं तिने ठरवलं होतं.

सुरूच्या झाडांत चार-पाच कॉटेज होती. एरॉल नावाचा एक पन्नाशीचा गृहस्थ ती सांभाळायचा. खाकी हाफपँट, गळ्यात क्रूस, बोलायला मोकळा. त्याने वही उघडली आणि म्हणाला, "तोरसकर ना? या, या. तुमच्या मावशी सकाळीच आल्या."

"कोणाच्या मावशी?" श्रीरंगने विचारलं.

"तुमच्याच. हंसामावशी. मी म्हटलं एकट्याच कशा आलात, तर म्हणाल्या, मागून येतायत सगळी."

श्रीरंगने विनयाकडे पाहिलं.  तिने हळूच विचारलं, "दिसायला कशा आहेत?"

एरॉल हसला. "म्हणजे काय, तुम्हालाच माहीत. ठेंगण्या. डोक्यावर पदर होता, चेहरा काय मी नीट बघितला नाही. आता सुरूच्या झाडांकडे गेल्या असतील फिरायला."

वहीत सही होती. हंसा, एवढंच. विनयाने ती वही जवळ ओढली. तिला हजारो अक्षरं ओळखू येत, कोणत्या पालकाने सही कोणाकडून करून घेतली हे ती सांगू शकायची. त्या 'ह'ला खाली एक लांब, उजवीकडे वळलेली शेपटी होती. असा ह शाळेत एकच व्यक्ती काढायची. ती स्वतः.

श्रीरंगनेही ते अक्षर ओळखलं. त्याने वही मिटली.

कॉटेजमध्ये चार खाटा होत्या. तीन खाटांवरच्या चादरी कडक, इस्त्रीच्या. भिंतीकडच्या खाटेवरची चादर चुरगळलेली. उशीत छोटासा खळगा, लहान मुलाच्या डोक्याएवढा. पलीकडे मोरीत एक ताट धुऊन पालथं घातलेलं होतं.

"विनया," श्रीरंग दबक्या आवाजात म्हणाला, "ही हंसा कोण?"

तिने मग सगळं सांगितलं. तीन नावं, लाल अक्षरं, हिरवं बटण. सुरुची पायरीवर बसून ऐकत होती, तिला हसू आलं. श्रीरंग हसला नाही.

"म्हणजे तू नाव बनवलंस, आणि त्या नावाची बाई इथे येऊन जेवून गेली?"

"कोणीतरी अर्ज बघितला असेल. फुकटचं मिळतंय म्हणून..."

"आणि सही?"

 दिवसभर त्यांनी किनाऱ्यावरून, झाडांतून शोधलं. होड्या ओढणारी माणसं भेटली, वाळूत खेळणारी पोरं भेटली. ठेंगणी म्हातारी कोणी पाहिली नव्हती. भाषण कोणी दिलं नाही, क्लबचे मेंबर व्हा म्हणून कोणी म्हटलं नाही. जेवण उत्तम होतं. संध्याकाळ व्हायच्या आधीच ते निघाले. पैसे द्यायला गेल्यावर एरॉलने हात जोडले. श्रीरंग म्हणाला त्याप्रमाणे, तीच गोष्ट सगळ्यात वाईट होती. कोणी काही मागितलंच नव्हतं.

४

घरी परतल्यावर दोन-तीन दिवस श्रीरंग तिच्याशी नीट बोलला नाही. विनयाला कळत होतं, त्याला वाटतंय की हिचंच काहीतरी आहे. कुठली तरी नातेवाईक, कुठली तरी जुनी भानगड. तो काही विचारत नव्हता आणि ती कशाचा खुलासा करणार?

गुरुवारी वॉचमनने तिला खाली अडवलं. "मॅडम, तुमच्याकडे चार झाले ना आता? पाण्याची पावती चारची येईल."

"कोण म्हणालं?"

"सोसायटीच्या ॲपवर नाव चढलंय. हंसाबाई. तुम्हीच टाकलं असेल ना?"

श्रीरंगने ते नाव काढून टाकलं. सकाळी ते परत होतं. त्याने पासवर्ड बदलला. नाव परत होतं. मग गॅसच्या बुकिंगवर, सुरुचीच्या कॉलेजच्या अर्जात 'पालक' या रकान्याखाली, विनयाच्या मोबाइलच्या बिलावर. तो तिला घेऊन पोलिस चौकीत गेला. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, "पैसे गेले का?"

"नाही."

"कोणी धमकी दिली? फोटो वगैरे?"

"नाही. पण साहेब, त्या नावाची बाई उद्या दारात उभी राहिली तर? पत्त्याचा पुरावा आमच्याच घरचा घेऊन?"

"राहिली तर लगेच फोन करा," साहेब म्हणाले. "अशा टोळ्या असतात. पण आज तरी काही घडलेलं नाही, काका. लिंक उघडू नका, एवढंच."

टोळी. या शब्दाने विनयाला बरं वाटलं. टोळी म्हणजे माणसं, कोण्या खोलीत बसलेली, तिच्यासारखीच अर्ज चाळणारी. तिने कुलूप बदलून घेतलं. जिन्यात कोणी बाई दिसली की ती थांबून तिचा चेहरा बघायची. तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंना तर तिने उगाचच नाव विचारलं. त्या बिचाऱ्या दहा वर्षं तिथे राहत होत्या.

दारात मात्र कोणी उभं राहिलं नाही. बाहेरून कोणी आत येईल म्हणून ती जपत होती. घरात काय आहे, याकडे तिचं लक्ष नव्हतं.

५

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी शाळेत कामाने उशीर झाला. साडेतीनला ती तिसऱ्या मजल्यावर आली, किल्ली काढली आणि थबकली. दाराआडून आवाज येत होता.

बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसता सूर. हलका, मऊ, म्हातारा. प्रत्येक वेळी शेवटाला वर जाणारा, जसा प्रश्न विचारताना जातो. मग थोडी शांतता. कोणी उत्तर लिहून घेत असावं इतकी. मग पुन्हा तो सूर. टीव्ही असेल, असं तिने म्हणून पाहिलं. पण टीव्ही थांबून वाट बघत नाही.

एवढ्यात आतून सुरुचीचा आवाज आला, मोठ्याने, स्वयंपाकघरातून द्यावा तसा. "सोळा ऑगस्ट!"

विनयाने दार उघडलं. सुरुची गॅसपाशी उभी होती, चहा ढवळत, एका कानात इयरफोन. तिने वळून आईकडे पाहिलं. मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग परत आईकडे. हातातला चमचा ओट्यावर पडला.

"तू आत होतीस ना?" ती म्हणाली.

"मी आत्ता येतेय."

"आई, तू आत होतीस. आत्ता विचारलंस ना, बाबांचा वाढदिवस कधी म्हणून..."

दोघी आतल्या खोलीत गेल्या. पलंग होता, टेबल होतं, खिडकी उघडी. पलंगाच्या आणि खिडकीच्या मधली चटई मात्र उलगडलेली होती. तिच्यावर हात ठेवला तर ऊबदार लागली. ऊन येतं खिडकीतून, विनया म्हणाली. ऊन त्या खिडकीत चारनंतर यायचं, हे दोघींना माहीत होतं.

मग सुरुचीने रडत रडत सांगितलं. पंधरा दिवस हे चाललं होतं. ती घरात असली, कानात गाणी असली, की आतून आई काहीबाही विचारायची. सुरुची कामाच्या नादात उत्तर द्यायची. कोण विचार करतो?

"काय काय विचारलं?"

"साधंच गं. आजीच्या घराला मागून दार आहे का. मावसकाका कुठे राहतात. माझ्या मैत्रिणींत एकटी कोण राहते. बाबा झोपतात ती बाजू कोणती. मला वाटलं, तू काहीतरी फॉर्म भरतेयस."

"आणि तू सगळं सांगितलंस?"

"तूच विचारत होतीस ना!" सुरुची किंचाळली. "तुझाच आवाज होता. जरा म्हातारा. मला वाटलं तुला सर्दी झालीय."

६

त्याच दुपारी विनयाने सुरुचीला शेजारी पाठवलं आणि एकटी हॉलमध्ये बसली. आतल्या खोलीचं दार तिने बाहेरून कडी घालून बंद केलं होतं. लिंक तिने उघडली. जिथून नाव घातलं, तिथूनच ते काढता आलं पाहिजे.

बराच वेळ शोधल्यावर, सगळ्यात खाली, फिक्या अक्षरांत सापडलं. 'सदस्य वगळा.' कारण निवडा. कारणं दोनच होती. निधन आणि स्थलांतर. सदस्य कधी नव्हतीच, असं कारण त्यात नव्हतं.

तिने निधन दाबलं. जी नव्हतीच तिला मारायला काय जातं? पुढे तारीख विचारली, वेळ विचारली. ठिकाण मात्र आधीच भरलेलं होतं: तिचा पत्ता, फ्लॅट तीनशे दोन, आतली खोली. खाली लिहिलं होतं, 'देह पाहणारे नातेवाईक'. तिथे सुरुचीचं नाव होतं.

विनयाने घाईघाईने मागे येऊन स्थलांतर दाबलं.

नवा पत्ता द्या.

तिने शाळेचा पत्ता दिला. लाल अक्षरं आली, 'निवासी पत्ता हवा.' पोलिस चौकीचा दिला. निवासी पत्ता हवा. आतल्या खोलीत काहीतरी सरकलं. कडीला हात लागल्याचा नव्हता तो आवाज. पलंगाची कड धरून कोणी म्हातारं माणूस उठावं, तसा होता.

ओळखीच्या कोणाचा पत्ता द्यायचा नाही, हे तिने ठरवलं. तेवढी माणुसकी तिच्यात शिल्लक होती. मग जिथे आपलं कोणीच नाही, असं ठिकाण तिला आठवलं. वसईच्या किल्ल्याजवळचं पाचूबंदर. ती तिथे कधीतरी एकदाच मासे आणायला गेली होती. तिने लिहिलं, पाचूबंदर, घर क्रमांक एकशे सतरा. आकडा मनाचाच. असं घर नसेलच, असलं तरी कुलूप असेल, असं ती स्वतःला सांगत होती आणि आतलं पाऊल दाराशी येऊन थांबलं होतं.

'वरील व्यक्ती या पत्त्यावर राहील, हे मला मान्य आहे.'

तिने मान्य दाबलं.

दाराशी कोणी थांबलेलं होतं ते आता तिथे नव्हतं. हे तिला कसं कळलं, ते तिला कधीच सांगता आलं नाही. घर मोकळं झालं, एवढं मात्र खरं. पंखा नेहमीसारखा वाजायला लागला.

७

तीन आठवडे काही झालं नाही. ॲपवर तीनच नावं राहिली. श्रीरंग पुन्हा जेवताना बोलू लागला. सुरुची मात्र घरात एकटी थांबत नव्हती, पण ती भीतीही कमी होत होती. मग एका सकाळी विनयाच्या मोबाइलवर दोन ओळी आल्या. 'हंसा सुखरूप पोहोचल्या. नव्या घरच्यांनी त्यांना स्वीकारले आहे. आभार.'

नव्या घरच्यांनी. म्हणजे घर होतं.

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. वसईला मैत्रिणीकडे जाते, असं सांगून ती निघाली. पाचूबंदरला रिक्षातून उतरली तेव्हा अकरा वाजले होते. बांबूंच्या परातींवर, म्हणजे आडव्या बांधलेल्या काठ्यांवर, बोंबील वाळत होते, बायका जाळी घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. एकशे सतरा विचारल्यावर एकीने बोटाने दाखवलं. "कॅथरिनचं घर. समोरचं, निळ्या दाराचं."

कॅथरिन सत्तरीची होती. लुगडं नेसलेली, हातात दोन बांगड्या, पाठ जरा वाकलेली. तिने विनयाला नखशिखांत न्याहाळलं.

"तू भाची ना?"

"मी... बाई, तुमच्याकडे कोणी राहायला आलंय का?"

"आलंय तर! तू घराबाहेर काढलीस ती." कॅथरिनचा आवाज चढला, तशा जाळीवरच्या बायका वळून बघू लागल्या. "म्हातारं मानूस, पिशवी घेऊन दारात उभं. म्हनते, भाचीनं हाच पत्ता दिला. लाज कशी वाटली नाय गं तुला?"

"ती माझी कोणी नाही," विनया म्हणाली. "बाई, ऐका माझं. ती कोणाचीच कोणी नाही. मी एका फॉर्ममध्ये नाव लिहिलं होतं, खोटं..."

ते बोलतानाच तिला कळलं की हे कसं ऐकू येतंय. म्हाताऱ्या मावशीला नाकारणारी प्रत्येक भाची असंच काहीतरी बोलत असेल. ओट्यावरची एक बाई तोंडाला पदर लावून दुसरीला काही म्हणाली.

"तीन आठवडे हाय माझ्याकडं," कॅथरिन म्हणाली. "तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाय बोलली. माझा मुलगा बोटीवर, मुलगी कुवेतला. मला कोन विचारतं? ती विचारते. रोज बसून विचारते, नातवंडं किती, नावं काय, कोन कुठं झोपतं."

"सांगू नका," विनया म्हणाली. "तुमच्या पाया पडते, नावं सांगू नका तिला."

 कॅथरिनच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि त्या जागी काहीतरी दुसरं आलं, ज्याकडे विनयाला बघवेना. कोणी आपल्या हातातलं काढून घ्यायला आलं की लहान मुलं अशी बघतात.

"येवढी काळजी हाय," ती हळू म्हणाली, "तर ने मग तिला परत. मी काय अडवनार? ती तयार हाय. सकाळपासून पिशवी भरून बसलीय. म्हनते, विनया येनार हाय."

ती दारातून बाजूला झाली.

बाहेरच्या उन्हामुळे आत आधी काहीच दिसेना. मग भिंतीवरची तसबीर दिसली, तिच्यासमोरची मेणबत्ती, आणि खाली लाकडी बाक. बाकावर कोणी बसलं होतं. फिक्या लुगड्याचा काठ दिसला, आणि जमिनीला न टेकलेली दोन पावलं, शेजारी शेजारी जुळवलेली. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन हात. पदर इतका पुढे ओढलेला की चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार होता. तो अंधार विनयाकडे थोडासा झुकला. कमी ऐकू येणारं माणूस उत्तर ऐकायला झुकतं, तसा.

विनयाला त्या क्षणी आपलं घर दिसलं. सुरुची केस पुसत गॅलरीत उभी असेल. समोर कॅथरिन होती, दाराची कड धरून, बांगड्या मनगटावर सैल झालेल्या. दोघींच्या मधे हातभर उंबरा.

"नेतेस का?" कॅथरिनने विचारलं. 

"नाही," विनया म्हणाली. मग आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "राहू दे तिला तुमच्याकडेच. मला मान्य आहे."

कॅथरिनचा चेहरा खुलला. एवढं भांडण झालेलं असूनही तिने चहा घेऊन जा म्हटलं. विनया नको म्हणाली. ती वळली तेव्हा मागे निळं दार लागल्याचा आवाज झाला, आणि दाराआड कोणीतरी काही विचारायला सुरुवात केली. हलक्या, मऊ आवाजात. कॅथरिन हसून उत्तर देत होती.

बोंबलांच्या परातींमधून विनया रस्त्यावर आली. आपण रडू, असं तिला वाटत होतं. तसं काही झालं नाही. तिला भूक लागली होती. रिक्षात बसल्यावर तिने घरी फोन लावला.

"निघाले मी," ती सुरुचीला म्हणाली. "येताना काही आणू का? पाव संपलाय ना?"

तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.